सभाधीट

शरच्चंद्रांनी चमच्याने स्टीलच्या वाटीवर टोला दिला, तशी श्यामला वाक्याच्या मधोमध थांबली.

"थांबायचं नसतं," ते म्हणाले. "ही इशाऱ्याची घंटा. इशारा झाला की समारोपाकडे वळायचं. हे तुला आता सांगायचं का?"

"कोर्टात घंटा नसते, आप्पा."

"घंटा नसेल, पण वेळ असते. त्या न्यायाधीश बाईंपुढे सकाळपासून फायलींचा ढीग असणार. तुझं पाल्हाळ ऐकायला त्या बसलेल्या नाहीत. चल, पहिल्यापासून."

श्यामला कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. कपाटाच्या काचेमागे तिच्या ढाली आणि करंडक होते. त्यांतले बरेचसे काळवंडले होते. खाली गल्लीत तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचं काम सुरू झालं होतं, आणि त्या आवाजावर आपला आवाज कसा चढवायचा हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"मी या प्रकरणातली अर्जदार क्रमांक दोन," ती म्हणाली. "हा अर्ज मी पूर्ण विचारांती, स्वखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय केलेला आहे."

"'कोणाच्याही'नंतर किंचित थांब. वजन येतं."

ती थांबली. वजन आलं. मग ती एकदम वळून म्हणाली, "आप्पा, मला वाटतं..."

"वाटतं नको." शरच्चंद्रांनी वाटी खाली ठेवली. "किती वेळा सांगितलंय? 'मला वाटतं' म्हटलं की विधान लुळं पडतं. समोरच्याला कळतं, की हिची खात्री नाही. एक तर आहे म्हणावं, नाही तर नाही म्हणावं."

"भाषणातलं नव्हते सांगत."

"मग कशातलं?"

त्यांनी हे खरोखरच विचारलं होतं. डोळ्यांवरचा चष्मा वर करून ते तिच्याकडे पाहत होते, आणि उत्तर मिळालं असतं तर त्यांनी ते ऐकूनही घेतलं असतं. आपला बाप दुष्ट असता तर बरं झालं असतं, असं श्यामलाच्या मनात हल्ली येऊन जायचं. रात्री तिचा घसा बसू नये म्हणून हा माणूस ज्येष्ठमध उगाळून द्यायचा. कालच त्यांनी स्वतः तिच्या साडीला इस्त्री करून आणली होती.

"काही नाही," ती म्हणाली. "पहिल्यापासून घेते."

कसब्यात आणि आसपासच्या पेठांत एकेकाळी वक्तृत्व स्पर्धेतून कुणाचं पोर सुटत नसे. त्यातली निम्मी पोरं शरच्चंद्रांच्या हाताखालून गेलेली. शाळेत ते मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी घरी भाषणं बसवून घ्यायचे. लिहिणार ते, हात कुठे उचलायचा ते सांगणार ते, टाळी कुठे पडणार तेही आधी सांगणार ते. पोरांनी फक्त न घाबरता म्हणायचं. त्यांची स्वतःची मुलगी या सगळ्यांत पुढे होती. ती नववीत असताना तिची आई गेली. दिवस होतात न होतात तोच एक मोठी स्पर्धा आली आणि श्यामला व्यासपीठावर उभी राहून 'विज्ञान: शाप की वरदान' या विषयावर बोलली. पहिला नंबर आला. परीक्षकांना मागाहून कळलं, तेव्हा त्यांतल्या एका बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या म्हणाल्या, काय आत्मविश्वास आहे हो या पोरीत.

तेव्हापासून तो शब्द तिला चिकटला. लोकांची चूक तशी साधीच. चारचौघांत न अडखळता बोलता येणं याला आपल्याकडे सभाधीटपणा म्हणतात, शब्द चांगला जुना आहे. पण सभाधीट माणसाला सभा लागते, हे कुणी लक्षात घेतलं नाही. हीच श्यामला मंडईत गेली की मेथी घ्यावी की पालक हे तिला ठरवता यायचं नाही. ती दोन्ही आणायची आणि त्यांतली एक जुडी सुकून जायची. कॉलेजची शाखा, नोकरी, स्थळ, सगळं आप्पांनी मुद्देसूद मांडलं आणि तिने ते लोकांना पटवून दिलं. स्वतःला कधी पटवावं लागलं नाही, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं आणि तिनेही स्वतःला कधी विचारलं नाही.

तिचा नवरा माधव येरवड्याचा. छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करायचा. बोलायला लागला की मध्येच थांबायचा, मग 'म्हणजे' म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. लग्नानंतर सुरुवातीला तिला त्याचं हसू यायचं. पुढे पुढे तिच्या लक्षात आलं, की काय हवंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं, फक्त शब्द सापडायला वेळ लागतो. तिच्याकडे शब्दांची कधीच टंचाई नव्हती. बाकी काय होतं, हे तिला त्याच्या शेजारी बसलं की कळेनासं व्हायचं, आणि तरीही त्याच्या शेजारी बसणं तिला आवडायचं.

मग ते एक जेवण झालं. घरी पाहुणे होते आणि सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, की आमच्याकडे पाळणा काही हलत नाही, नुसती भाषणं होतात. पाहुणे हसले. माधव ताटाकडे पाहत राहिला. श्यामला तशीच उठली, बस पकडून कसब्यात आली आणि आप्पांपुढे बसून रडली.

"तो काहीच बोलला नाही हो," एवढंच ती म्हणाली होती. घरात एखादी बाई असती तर तिने ऐकून घेतलं असतं, चहा केला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाठवलं असतं. शरच्चंद्रांनी कागद ओढला. त्यांना त्यात तीन मुद्दे दिसले: अपमान, मौन आणि भवितव्य.

चार दिवसांनी बैठक झाली. माधव, सासूबाई आणि माधवचे श्यामसुंदरमामा कसब्यातल्या या दिवाणखान्यात येऊन बसले. थंडी पडली होती आणि श्यामला स्वेटर न घेता निघून आली होती, म्हणून माधवने तो पिशवीत घालून आणला होता. पिशवी मांडीवर ठेवून तो म्हणाला, "म्हणजे... त्या रात्री मी आईला..."

"आधी तिला पूर्ण करू द्या," शरच्चंद्र म्हणाले.

आणि श्यामला उभी राहिली. खरं तर बसूनही बोलता आलं असतं. "अपमान एकदा होतो तेव्हा तो प्रसंग असतो," ती म्हणाली, "पण जेव्हा घरातला कर्ता पुरुष तो ऐकून घास गिळतो, तेव्हा ती त्या घराची रीत झालेली असते. आणि अशा रीतीच्या घरात मला राहायचं नाही." खोलीत शांतता पसरली. टाळ्यांच्या आधी पसरते तीच शांतता, श्यामलाने ती लगेच ओळखली. तिच्या अंगावर सुखाचा काटा आला. त्या क्षणी आप्पांनी आणखी काहीही लिहून दिलं असतं, तर तेही तिने तसंच म्हटलं असतं. सासूबाई मान खाली घालून उठल्या. माधवने स्वेटरची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तो त्यांच्या मागून जिना उतरला.

पुढचं सगळं ओघाने झालं. वर्ष गेलं, वकील झाले, परस्पर संमतीचा अर्ज झाला. अर्ज दाखल करायच्या दिवशी कोर्टाच्या गॅलरीत श्यामसुंदरमामा तिच्याजवळ आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"पोरी, त्या दिवशी पाहुणे गेल्यावर तो आईला स्वयंपाकघरात घेऊन बसला होता, रात्रभर. विश्रांतवाडीला दोघांपुरती जागाही बघून आला होता. बैठकीत तेच सांगणार होता. आता बोलून काय उपयोग म्हणा."

श्यामलाने ऐकलं आणि आत जाऊन सही केली. सही कुठे करायची ते आप्पांनी पेन्सिलीने फुली मारून ठेवलं होतं.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत माधवचा फोन दोनदा आला. "बरी आहेस ना?" "हो." "म्हणजे... काही लागलं तर." "हो." आणि तिच्या घशाशी एक वाक्य येऊन बसायचं: न्यायला या. दोन शब्दांचं वाक्य, त्यात ना अलंकार ना टाळी. भरल्या नाट्यगृहात तिची जीभ कधी अडली नव्हती, पण हे दोन शब्द तिला फोनवर उच्चारता आले नाहीत. आज शेवटची तारीख होती. आज न्यायाधीश दोघांना तोंडी विचारणार होत्या. आणि रात्री पडल्या पडल्या श्यामलाने ठरवलं होतं, की विचारलं की नाही म्हणायचं. मला घटस्फोट नको, एवढंच म्हणायचं. ते तिचं आयुष्यातलं पहिलं ठरवणं होतं आणि ते तिने आप्पांना सांगितलं नव्हतं.

न्यायाधीश बाई पन्नाशीच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या होत्या. त्यांनी फायलीतून मान वर काढली तेव्हा श्यामला आणि माधव टेबलासमोर शेजारी शेजारी उभे होते, आणि शरच्चंद्र अगदी मागच्या बाकावर, भिंतीला टेकून. स्पर्धेतही ते नेहमी तिथेच बसत. तिने तिथे पाहायचं आणि त्यांनी भुवई उचलली की वेग वाढवायचा, चष्म्याला हात लावला की कमी करायचा.

"अर्जावरची सही तुमचीच?" बाईंनी विचारलं.

"हो," श्यामला मागच्या बाकाकडे पाहत म्हणाली.

"माझ्याकडे बघून बोला. मागे कोण आहे?"

"माझे वडील."

"अहो, आपण जरा बाहेर थांबता का?" बाई शरच्चंद्रांना म्हणाल्या. "अर्ज यांचा आहे. आपला नाही."

शरच्चंद्र उठले. जाताना त्यांनी श्यामलाकडे पाहून हलकेच मान हलवली, अगदी पडदा वर जाण्याआधी हलवायचे तशी. दार लागलं.

इतकं सोपं होईल असं तिला वाटलं नव्हतं. मागे आता कोरी भिंत होती. शेजारी माधव उभा होता, त्याच्या शर्टाला छापखान्याच्या शाईचा तो ओळखीचा वास होता.

"आता सांगा," बाई म्हणाल्या. "हा घटस्फोट तुम्हाला स्वतःला हवाय का? कुणी भरीला घातलेलं नाही ना? घाई नाही, विचार करून बोला."

"मला..." श्यामला म्हणाली.

आणि थांबली. पंखा फिरत होता. थांबणं तिला नवं नव्हतं. किती थांबलं की वजन येतं आणि किती थांबलं की लोक चुळबुळतात, हे तिला कळत होतं. पण आजवरच्या प्रत्येक थांबण्यापलीकडे पुढचं वाक्य तयार उभं असायचं. या थांबण्यापलीकडे काही नव्हतं. 'नको' हा शब्द होता, पण तो कोणत्या सुरात म्हणायचा, म्हटल्यावर बाई काय विचारतील, त्यावर काय बोलायचं, माधव काय म्हणेल, बाहेर आप्पा काय म्हणतील, यातलं काहीच कुणी बसवून घेतलेलं नव्हतं. तिने आत डोकावून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. घाबरायलासुद्धा तिथे कुणी नव्हतं. तिला फक्त एवढंच जाणवलं, की शांतता लांबत चालली आहे, आणि लांबलेली शांतता भरून काढायची तिच्या जिभेला पंचवीस वर्षांची सवय होती.

"मी या प्रकरणातली अर्जदार क्रमांक दोन," जीभ म्हणाली. "हा अर्ज मी पूर्ण विचारांती, स्वखुशीने आणि कोणाच्याही... दबावाशिवाय केलेला आहे."

आवाज स्वच्छ लागला होता. पुढची वाक्यं एकामागून एक येत गेली. आदर राखून वेगळं होणं, कटुता न ठेवता निरोप घेणं. श्यामला ती ऐकत होती. एखाद्या ठिकाणी तरी विसरावं, निदान ठसका तरी लागावा, असं तिला आतून वाटत होतं. पण विसरायची तिला सवयच नव्हती. शेवटचं वाक्य जागेवर येऊन थांबलं.

न्यायाधीश बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "स्पष्ट बोलता," त्या म्हणाल्या. "नाही तर इथे बायका नुसत्या रडतात, आम्हाला कळत नाही काय करायचं. असा आत्मविश्वास असला की आमचंही काम सोपं होतं."

मग त्या माधवकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"म्हणजे..." तो म्हणाला. "तिचं ठरलं असेल तर."

"तिचं झालं सांगून. तुमचं विचारतेय."

त्याने वळून श्यामलाकडे पाहिलं. ती सरळ समोर पाहत उभी होती, भाषण संपल्यावर परीक्षकांकडे बघत उभं राहायचं असतं तशी.

"हो," माधव म्हणाला.

बाहेर शरच्चंद्र दाराशीच होते. सगळं त्यांनी ऐकलं असावं, कारण त्यांचे डोळे पाणावले होते. "एक अक्षर इकडचं तिकडे नाही," ते म्हणाले. "माझ्याशिवाय. बघ, मी नव्हतो तरी केलंस ना? आता मला घोर नाही." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातात इतकी माया होती, की श्यामलाला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. आदेशाच्या नकलेसाठी कारकुनाकडे अर्ज द्यायचा होता. ते त्या खिडकीकडे गेले आणि तिला खाली थांबायला सांगून गेले.

खाली बसथांब्यावर माधव उभा होता. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली. येरवड्याची बस आली. लोक चढले. माधव चढला नाही आणि बस निघून गेली.

"मागे फोनवर तुला सर्दी वाटली. गेली का?" त्याने विचारलं.

"गेली."

"म्हणजे... एक सांगू?" तो थांबला. श्यामलाने वाट पाहिली. त्याच्या थांबण्यापलीकडे नेहमी काहीतरी असायचं. "आत तू 'मला' म्हणालीस आणि थांबलीस. मला वाटलं, आता अडखळशील. मी काल ठरवून आलो होतो. तू एकदा जरी अडखळलीस ना, तर त्या बाईंना सांगणार होतो, की आम्हाला पुढची तारीख द्या. आम्हाला अजून बोलायचंय."

श्यामलाच्या हातातली पर्स घसरली. तिने ती सावरली.

"पण तू अडखळली नाहीस," माधव म्हणाला. त्यात दोष दिल्याचा सूर नव्हता. "मग मला कळलं, की तुझं पक्कं आहे. माझ्यासाठी तुला मागे ओढणं बरं नाही."

तो अजून उभा होता. तिने काही बोलावं म्हणून उभा होता, हे कुणालाही कळलं असतं. तिचे ओठ उघडले. न्यायला या. ते तिथेच होतं, दातांच्या मागे. तिला रडू आलं असतं तरी चाललं असतं, पण रडायचं कुठे आणि किती, हेही तिला आजवर सांगितलेलंच होतं. आपलं म्हणून रडणं ती एकदाच रडली होती आणि त्याचे तीन मुद्दे झाले होते. पुढची बस आली. माधवने तिच्याकडे पाहिलं, दांडा धरला, परत एकदा पाहिलं आणि तो चढला. बस थोडी पुढे जाऊन सिग्नलला अडकली. मागच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती.

एक रिकामी रिक्षा तिच्यासमोर येऊन थांबली.

"कुठं जायचं, ताई?"

श्यामला आत बसली. सिग्नल लाल होता. बस तिथेच होती.

"ताई, कुठं?" रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं. "येरवडा, स्वारगेट, कुठं?"

तिने बसकडे पाहिलं. मग मागे वळून कोर्टाच्या पायऱ्यांकडे पाहिलं. शरच्चंद्र धोतराचा सोगा सांभाळत, हातातली पावती हलवत घाईघाईने उतरत होते.

"कसबा पेठ," ते जवळ येऊन म्हणाले. "मीटरनं."

श्यामला आत सरकली आणि तिने त्यांना जागा करून दिली.